मदत हवी आहे: सारकॉइडोसिस की टीबी? मँटू शून्य का आली?

माझी ताई, वय ४३, लातूरला असते. हिवाळ्यापासून कोरडा खोकला, जिना चढला की धाप, वजनही उतरलंय. एक्सरेत दोन्ही बाजूंच्या हायलर (फुफ्फुसांच्या मुळाशी असलेल्या) गाठी सुजलेल्या दिसल्या आणि घरात सगळ्यांनी टीबीच धरला. पुण्यात ईबस (श्वासनळीतून दुर्बीण घालून सोनोग्राफी) करून गाठीतला नमुना काढला. रिपोर्ट: ग्रॅन्युलोमा (सुजेच्या पेशींचे पुंजके) आहेत, नेक्रोसिस (पेशी मरून झालेला भाग) नाही. जीनएक्स्पर्ट (टीबीच्या जंतूच्या जनुकांची तपासणी) निगेटिव्ह, कल्चर (नमुन्यात जंतू वाढतात का ते बघणं) यायचंय. फुफ्फुस धुऊन काढलेल्या पाण्यात (बीएएल) लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा प्रकार, टी-पेशी यातल्याच) ३८ टक्के, सीडी४/सीडी८ (टी-पेशींचे दोन प्रकार) गुणोत्तर ५.१. मँटू (हातावर सुई टोचून करायची टीबीची चाचणी) शून्य मिमी. छातीचे डॉक्टर म्हणतात सारकॉइडोसिस (जंतुसंसर्गाशिवाय अवयवांत ग्रॅन्युलोमा होणारा आजार), कल्चर आलं की प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) सुरू करू.

दाजींचं म्हणणं, "आपल्याकडं टीबीच असतो. आधी एकेटी (टीबीची औषधं) चालू करा, स्टिरॉइडनं टीबी भडकंल." त्यांच्या घरात टीबी होऊन गेलाय, त्यामुळे भीती उगाच नाही. मला डॉक्टर बदलायचा नाहीये, पण दाजींना समजावण्याइतकं स्वतःला कळायला हवं.

अडतंय ते इथं: फुफ्फुसात टी-पेशींची एवढी गर्दी, मग त्याच पेशींवर चालणारी मँटू हातावर काहीच का दाखवत नाही? बीसीजी (टीबीची लस) तर लहानपणीच टोचलेली.

शिवाय ड जीवनसत्त्व १४ आलं म्हणून गावातल्या डॉक्टरांनी आठवड्याला ६० हजार युनिटचं पाकीट लिहून दिलंय. ते चालू ठेवायचं का?

(काढे, गुळवेल वगैरे कृपया सुचवू नका.)

प्रतिसाद, काचपट्टी:
मी लॅबमध्ये काम करते, डॉक्टर नाही.

मँटू शून्य येणं सारकॉइडोसिसशी जुळतंच. सीडी४ म्हणजे मदतनीस टी-पेशी रक्तातून निघून फुफ्फुसात आणि गाठींत जाऊन बसतात. रक्तात त्यांची संख्या बऱ्याचदा घटलेली असते. ताईंच्या सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) लिम्फोसाइट किती आहेत बघा. त्यात रेग्युलेटरी टी-पेशी वाढून इतर ठिकाणची प्रतिक्रिया दाबतात. सगळी फौज एकाच आघाडीवर, बाकी मुलूख ओस. आपल्याकडे सुप्त टीबी इतका आहे की धडधाकट माणसाचीही मँटू अनेकदा पॉझिटिव्ह येते, म्हणून ठार निगेटिव्हला इथं वजन जास्त. पण तेवढ्यावर टीबी नाही असं म्हणता येत नाही. शरीरभर पसरलेल्या टीबीत, एचआयव्हीत, कुपोषणातही ती निगेटिव्ह येते.

गुणोत्तर ३.५ च्या वर गेलं की पारडं सारकॉइडोसिसकडे झुकतं. मात्र जवळपास निम्म्या रुग्णांत ते वाढतच नाही. कबुतरांमुळे होणाऱ्या हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसमध्येही (ॲलर्जीनं फुफ्फुसाला येणारी सूज) लिम्फोसाइट असेच वाढतात, पण तिथं बहुधा सीडी८ चं प्रमाण जास्त असतं. नेक्रोसिस नसलेला ग्रॅन्युलोमा टीबीतही कधीकधी दिसतो. म्हणून कल्चरसाठी थांबलेत ते योग्यच. लिक्विड कल्चर निगेटिव्ह म्हणायला ४२ दिवस लागतात, दाजींना हे जरूर सांगा.

आता पाकीट. मला जास्त काळजी त्याची वाटते. ग्रॅन्युलोमातल्या मॅक्रोफेज पेशी साठ्यातलं ड जीवनसत्त्व स्वतःच त्याच्या सक्रिय रूपात, कॅल्सिट्रायॉलमध्ये, बदलतात. एरवी हे काम मूत्रपिंडं पॅराथायरॉइड (कॅल्शियम सांभाळणाऱ्या गळ्यातल्या ग्रंथी) यांच्या ताब्यात राहून करतात. या पेशींना तो लगाम नसतो. म्हणून नेहमीच्या (२५-हायड्रॉक्सी) तपासणीत आकडा कमी दिसतो आणि सक्रिय रूप मात्र भरपूर असू शकतं. वरून ६० हजार ओतले तर कॅल्शियम चढतं, मुतखडे होतात, मूत्रपिंडाला इजा होते. छातीच्या डॉक्टरांना आजच फोन करा, त्यांनी सांगेपर्यंत पुढचं पाकीट घेऊ देऊ नका. रक्तातलं कॅल्शियम, क्रिएटिनिन, १,२५-डायहायड्रॉक्सी ड आणि २४ तासांच्या लघवीतलं कॅल्शियम करायचं का, तेही विचारा.

प्रतिसाद, भीमाकाठ:
मला सारकॉइडोसिस होता. डोळे तपासून घ्या आणि ईसीजी काढा, हे दोन्ही लोक टाळतात. स्टिरॉइडवर साखर वाढते, ग्लुकोमीटर घरात ठेवा. आणि प्रत्येकाला औषध लागतंच असं नाही, नुसत्या गाठी असल्या तर पुष्कळदा आपोआप बसतात. ताईंना धाप आहे म्हणून डॉक्टर देत असतील. पीएफटी (फुफ्फुसाच्या क्षमतेची चाचणी) आणि डीएलसीओ (फुफ्फुसातून रक्तात वायू किती जातो ते) किती आलं?

धागाकर्ता:
काचपट्टी, फोन केला. पाकीट बंद, कॅल्शियम उद्या सकाळी. सीबीसीत लिम्फोसाइट खरंच कमी आहेत, ११ टक्के. दाजी ४२ दिवस थांबायला तयार झाले, कुरकुरत का होईना. भीमाकाठ, डीएलसीओ ६४ टक्के आहे. २४ तासांची लघवी जमा करताना सकाळची पहिली धरायची की सोडायची?

काचपट्टी:
पहिल्या दिवशीची सोडायची, दुसऱ्या दिवशीची धरायची. डबा लॅबमधूनच घ्या, त्यात आम्ल घातलेलं असू शकतं, हात लावू नका.