मदत हवी आहे : पीसीओएससाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्या मैत्रिणींनो, पोटाचं काय केलंत?

नमस्कार. मी सांगलीची, विश्रामबागजवळ राहते. वय 31, लग्नाला पाच वर्षं झाली. मला पीसीओएस (अंडाशयाचा, हार्मोन्सचा त्रास) आहे, पाळी दोन-दोन महिने येत नाही. आता मिरजेत ट्रीटमेंट चालू केलीय. मॅडमनी लेट्रोझोलसोबत (अंडं तयार होण्यासाठीची गोळी) मेटफॉर्मिन 500 दिलंय, रोज दोन वेळा. साखर नॉर्मल आहे. इन्सुलिनचं काम नीट होत नाही म्हणून अंडं तयार होत नाही, मेटफॉर्मिनने त्याला मदत होते, असं त्यांनी समजावलं. मला पटलंय.

पण सासूबाईंनी पाकीट बघितलं. त्यांना स्वतःला शुगर, तीच गोळी! "तुला शुगर झाली आणि सांगितलं नाहीस?" म्हणून दोन दिवस जेवल्या नाहीत. त्यांना कसं समजवू?

दुसरं म्हणजे पोट. सकाळची गोळी भाकरी खाऊन घेतली तरी तासाभरात मळमळ, जुलाब. शाळेत शिकवते, तास सोडून पळावं लागतं. आज बारावा दिवस. तुम्हाला किती दिवसांनी सवय झाली? एसआर (पोटात हळूहळू विरघळणाऱ्या) गोळीने फरक पडला का? डॉक्टरांची तारीख पुढच्या गुरुवारी आहे, तेव्हा विचारणारच आहे. गोळी मनाने बंद करणार नाही. खूप आशेने सुरू केलीय.