मिरगी असलेल्या मुलांसाठी घरी संगणकावर मेंदूचा सराव: कोणी करून घेतलाय का? सल्ला हवा

गिरणाकाठ (चाळीसगाव)

नमस्कार. माझा मुलगा पाचवीत आहे. सातव्या वर्षी पहिली फिट आली, तेव्हापासून गोळ्या सुरू आहेत. गेल्या दिवाळीनंतर एकही फिट नाही, डॉक्टर समाधानी आहेत. पण अभ्यास काही केल्या पुढे सरकत नाही. पोरगा मंद नाही हो. कपाशीवर कधी कोणती फवारणी झाली, कोणत्या विहिरीवरची मोटर जळाली होती, सगळं त्याला तोंडपाठ. मात्र बाईंनी "वही काढा, तारीख टाका, पान ४२ उघडा" असं एका दमात सांगितलं की तारीख टाकेपर्यंत पान डोक्यातून गेलेलं असतं. वजाबाकीत हातचा घेतो आणि मग कुठल्या घरावर होतो तेच सापडत नाही.

नाशिकला मानसशास्त्रज्ञांकडून चाचण्या करून घेतल्या. बुद्ध्यांक वयाप्रमाणे आहे, वर्किंग मेमरी (ऐकलेलं-पाहिलेलं थोडा वेळ डोक्यात धरून वापरायची क्षमता) आणि कामाचा वेग मागे आहे, असा अहवाल आला. संगणकावर घरच्या घरी करायचा सराव असतो, तो करून बघा असं त्यांनी सुचवलं. चौकशी केली तर एका खासगी केंद्रानं वर्षभराचं पॅकेज सांगितलं, ते ऐकून आमचे हे गप्पच झाले. कांद्याचे पैसे अजून यायचेत.

घरी जुना लॅपटॉप आहे, नेट मोबाईलचं, लाईटीचा भरवसा नाही. घरात आम्ही अहिराणी बोलतो, शाळा मराठी, आणि हे सगळे प्रोग्रॅम इंग्रजीत. याचा खरंच उपयोग होतो का? स्क्रीनमुळे फिट परत आली तर? कोणी घरी केलं असेल तर सविस्तर लिहा, हात जोडून विनंती.

तापीकाठ (भुसावळ)

ताई, माझी मुलगी आता आठवीत आहे. तिनं सहावीत असताना हा सराव केला. आधी स्क्रीनबद्दल सांगते, कारण तीच धास्ती मलाही होती.

लुकलुकत्या उजेडानं फिट येणारे रुग्ण थोडे असतात, मिरगीच्या १०० रुग्णांत साधारण ३. लहान मुलांत आणि वयात येणाऱ्या मुलांत हे प्रमाण जास्त. आपलं मूल त्यात आहे का, हे ईईजीत, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींच्या आलेखात, कळतं. ईईजी काढताना डोळ्यांसमोर दिवा वेगवेगळ्या वेगानं उघडझाप करतात ना, तो याचसाठी. तुमचा जुना रिपोर्ट काढा आणि त्यात दिव्याच्या तपासणीचा उल्लेख आहे का ते डॉक्टरांना विचारा. आमच्या मुलीचा रिपोर्ट त्या बाबतीत स्वच्छ होता, मगच मी लॅपटॉप उघडला. तरी खोलीत ट्यूब लावूनच बसवायचे, अंधारात कधीच नाही. पडदा हातभर लांब, उजेड कमी केलेला, मध्ये उठून पाणी प्यायला लावायचं. एकदम काही भगभगायला लागलं तर एक डोळा तळहातानं पूर्ण झाकायचा आणि तोंड फिरवायचं, हे तिला शिकवून ठेवलं होतं. एक डोळा झाकला की मेंदूपर्यंत जाणारा मारा कमी होतो.

आता सराव कसा असतो ते. पडद्यावर चौकोनांची जाळी येते. एकेक चौकोन उजळतो: वरचा डावा, मधला, खालचा उजवा. मग बरोबर उलट्या क्रमानं बोट लावायचं. तीन जमले की चार, चार जमले की पाच, आणि चुकलं की प्रोग्रॅम स्वतःच एक पायरी खाली आणतो. म्हणजे मूल कायम आपल्या ताकदीच्या काठावर खेळतं. सुरुवातीला ही ओठ हलवत मोजायची आणि पाचव्याला चिडून पाय आपटायची. मग तिनं स्वतःच युक्ती काढली. प्रत्येक चौकोनाला घरातल्या माणसाचं नाव: आजी, बाबा, मामा, काकू. पडद्यावर दिवे लागताना ती पुटपुटायची आणि मग काकूपासून आजीपर्यंत मागे यायची. मला वाटतं, दिव्यांपेक्षा ही युक्ती सापडणं मोलाचं होतं, कारण ती पुढे तिनं शाळेतही वापरली.

सासूबाई सुरुवातीला रोज विचारायच्या, "आते कितला येळ खेळस वं माय?" त्यांना शेजारी बसवून एक डाव खेळायला दिला, तेव्हापासून सरावाच्या वेळी टीव्ही बंद ठेवायची जबाबदारी त्यांनीच घेतली.

वेळ दिवेलागणीच्या आधीची ठेवा. रात्री नको, झोप मोडते आणि झोप मोडणं आपल्या मुलांना सगळ्यात महागात पडतं. आमच्याकडे कानबाईचं जागरण असतं, तेव्हासुद्धा तिला आम्ही वेळेवर झोपवतो. मे महिन्यात भुसावळच्या उन्हात मुलं अशीच गळून गेलेली असतात, त्या काळात मी सराव बंद ठेवला होता.

फरक? गणितात मोठी उडी नाही. दुकानातून चार वस्तू सांगितल्या तर चारही आणते, आणि फळ्यावरचं वाक्य उतरवताना दर शब्दाला मान वर करत नाही. मला तेवढं पुष्कळ वाटतं.

अंजनीचं_पाणी (एरंडोल)

ब्राह्मी आणि शंखपुष्पी सुरू करा, स्मरणशक्ती वाढते. आमच्या भाच्याच्या गोळ्याही हळूहळू बंद केल्या, त्या गोळ्यांनीच पोरं सुस्त होतात.

तापीकाठ (भुसावळ)

दादा, तुमचा हेतू चांगला आहे, पण गोळ्यांचं असं लिहू नका. मिरगीची गोळी मनानं कमी केली किंवा बंद केली तर लागोपाठ, न थांबणाऱ्या फिट येऊ शकतात आणि त्यात जीव जातो. काढा, चूर्ण काहीही द्यायचं तर गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगून.

मनाची_वही (जळगाव)

मी लहान मुलांच्या मानसशास्त्रीय चाचण्या घेते. दादांच्या बोलण्यातला एक धागा मात्र खरा आहे, तो सोडू नये. मिरगीच्या काही औषधांचा लक्ष, वेग आणि बोलण्यावर परिणाम होतो. फेनोबार्बिटोननं सुस्ती येते, टोपिरामेटवर असलेल्या काही मुलांना ओठांवरचा शब्द सापडत नाही, लेव्हेटिरासिटामनं काही मुलं चिडचिडी होतात. गोळी बंद करणं हा त्यावरचा उपाय नाहीच. "अभ्यास मागे पडतोय, औषधात किंवा डोसात काही बदलता येईल का?" असं मेंदूविकारतज्ज्ञांना स्पष्ट विचारायचं. पुष्कळ पालक डॉक्टरांना फिटचंच सांगतात, शाळेचं सांगत नाहीत. डॉक्टरही मग तेवढंच लिहितात.

दुसरं, सराव सुरू करण्याआधी बघायचं. काही मुलांना दिवसा फिट दिसत नाही, पण झोपेत मेंदूतल्या विजेच्या लहरी सतत उसळत राहतात आणि मूल आधी येत असलेलंही विसरायला लागतं. हे जागेपणीच्या ईईजीत निसटू शकतं, झोपेतला ईईजी काढावा लागतो. गिरणाकाठ ताई, मुलगा "मागे आहे" की "होतं तेही जातंय", हा फरक तुम्हीच नीट सांगू शकाल. दुसरं असेल तर संगणक बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा.

आता तुमचा मूळ प्रश्न. वर्किंग मेमरीच्या सरावात सगळ्यात जास्त अभ्यासला गेलेला प्रोग्रॅम कॉगमेड. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतले टोर्केल क्लिंगबर्ग यांच्या कामातून तो आला, आधी लक्ष न लागणाऱ्या मुलांसाठी. ठरलेला साचा: आठवड्यात ५ दिवस, ५ आठवडे, एकूण २५ बैठका, आणि दर आठवड्याला प्रशिक्षकाचा फोन. मिरगी असलेल्या मुलांवर त्याचा एक चांगला अभ्यास कॅनडात झाला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सराव केलेल्या मुलांची लक्षात धरून ठेवायची क्षमता वाढली, पण तर्क करण्याच्या चाचणीत फरक पडला नाही. २०१३ मध्ये मेल्बी-लेर्व्हाग आणि ह्यूम यांनी अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तोही हेच सांगतो: ज्याचा सराव कराल ते सुधारतं, पण वाचन आणि गणित त्याच्या पाठोपाठ आपोआप सुधारत नाही.

म्हणून "बुद्ध्यांक वाढवून देतो", "मार्क वाढतील" असं कोणी म्हणालं तर पैसे देऊ नका. अमेरिकेत लुमॉसिटी या प्रसिद्ध मेंदूच्या खेळांच्या कंपनीला अशाच वाढवून-चढवून केलेल्या जाहिरातींबद्दल २०१६ मध्ये २० लाख डॉलर भरावे लागले.

इतकं असूनही मी पालकांना हा सराव सांगते, आणि मनापासून सांगते. मिरगी असलेल्या मुलाच्या वाट्याला दिवसभर "हे करू नको, ते करू नको" येतं. पोहायला नको, सायकल नको, झाडावर नको. इथं त्याला रोज थोडं अवघड काहीतरी करायला मिळतं, आणि कालच्यापेक्षा आज एक जास्त जमलं हे आकड्यात दिसतं. फक्त त्याच्या जोडीला शाळेत बदल हवेत, ते सातपुडा_गुरुजी लिहितील तर बरं.

भाषेचं म्हणाल तर दिव्यांचे, आकृत्यांचे खेळ निवडा, तिथं भाषा लागतच नाही. आकडे ऐकून उलटे सांगायचा खेळ इंग्रजीत असेल तर आवाज बंद करा आणि तुम्हीच अहिराणीत आकडे बोला. मेंदूला सराव तोच होतो, आणि मुलाची अर्धी शक्ती इंग्रजी समजण्यात जात नाही.

सातपुडा_गुरुजी (शहादा)

आठवण काढलीत म्हणून लिहितो. जिल्हा परिषद शाळेत शिकवतो, वर्गात मिरगीची मुलं पाहिली आहेत.

पालकांनी शाळेपासून लपवू नये. मी एका मुलीची वही तपासत होतो. शब्द लिहिता लिहिता मधेच तुटलेला, पेनाची रेघ खाली घसरलेली, आणि पुढच्या ओळीवर वेगळंच वाक्य सुरू. त्या पानावर तसं तीन ठिकाणी. मला आधी आळस वाटला असता, पण तिच्या आईनं सांगून ठेवलं होतं की तिला काही सेकंद नजर थिजण्याच्या फिट येतात. ते पान मी आईकडे दिलं, तिनं डॉक्टरांना दाखवलं आणि औषध बदललं. संगणकावर सराव करतानाही हे बघा: मूल एका जागी अचानक थांबलं, डोळे थिजले, मग जणू काही झालंच नाही असं पुढे खेळू लागलं, तर त्याला "लक्ष दे" म्हणून ओरडू नका, वेळ लिहून ठेवा. जमलं तर मोबाईलवर चित्रण करा.

वर्गात काय करता येतं: एका वेळी एकच सूचना, आणि ती फळ्यावर लिहिलेली. वजाबाकीत हातच्यासाठी वर रिकामा चौकोन आखून द्यायचा, म्हणजे तो डोक्यात धरावा लागत नाही. पुढच्या बाकावर जागा. शाळेला पत्र लिहा, तोंडी सांगितलेलं शिक्षक बदलले की संपतं.

फिट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल काही हुंगवायचं नाही, घड्याळ बघायचं. ५ मिनिटांवर गेली तर दवाखाना. फिट थांबवायला नाकात मारायचा मिडॅझोलम या औषधाचा स्प्रे डॉक्टर लिहून देत असतील तर एक शाळेतही ठेवा आणि वापरायचा कसा ते बाईंना दाखवून या.

शाळेत तपासणीला येतं ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक. त्यांच्या यादीत आकडीचा विकार आहे, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना पुढे पाठवणं त्यांचं काम आहे. जिल्ह्याचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र (अशा मुलांच्या तपासण्यांचं सरकारी केंद्र) कुठं चालतं ते त्यांनाच विचारा, तिथल्या तपासण्यांना पैसे लागत नाहीत. आणि पुढे दहावीच्या वेळी अध्ययन अक्षमता निघाली तर प्रमाणपत्रावर जादा वेळ मिळतो. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ती आहे. मिरगीचं नाव स्वतंत्र नाही, म्हणून अहवाल जपून ठेवा.

केळीबाग (रावेर)

पैशाचा प्रश्न असेल तर जीकॉम्प्रिस हा मुलांच्या खेळांचा प्रोग्रॅम बघा. फुकट आहे, एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही, जुन्या लॅपटॉपवर आमच्याकडे चालतं. मुलांचे पुष्कळ खेळ आहेत, त्यातले जोड्या लावायचे आणि क्रम लक्षात ठेवायचे तेवढे निवडले. कॉगमेडसारखी चुकलं की पायरी आपोआप खाली येत नाही, ती आपणच आणायची. लाईट गेली की आम्ही पत्ते उलटे मांडून जोड्या शोधायचा डाव खेळतो, मुलगा त्यात मला हरवतो.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

सगळ्यांचे किती आभार मानू. रात्री यांना सगळं वाचून दाखवलं. जुना ईईजी काढला, दिव्याची तपासणी केली आहे आणि त्यात काही निघालेलं नाही. पॅकेज घेणार नाही हे पक्कं झालं. जीकॉम्प्रिस उतरवून ठेवलंय, पण आधी सोमवारी डॉक्टरांना दाखवून विचारते, मगच सुरू. मनाची_वही ताई, तुम्ही विचारलंत त्यावर विचार केला: आधी येत होतं ते जात नाहीये, पाढे तेवढेच आहेत, नवीन टिकत नाही. एक शंका राहिली, एका दिवसात किती वेळ बसवू? आणि कंटाळला तर?

मनाची_वही (जळगाव)

१५-२० मिनिटांनी सुरू करा. कॉगमेडच्या बैठका लांब असतात, पण तिथं प्रशिक्षक असतो. आठवड्यात ५ दिवस, २ दिवस पूर्ण सुट्टी. कंटाळला तर त्या दिवशी सोडा, ताप असेल, झोप झाली नसेल तर अजिबात बसवू नका. गोळी चुकली असेल त्या दिवशीही नाही. रोज वहीत तारीख, खेळ, कुठवर पोहोचला आणि रात्री किती झोपला एवढं लिहा. सोमवारी डॉक्टरांकडे जाताना फिटच्या नोंदींसोबत त्याची गणिताची वही न्या, खाडाखोड असलेली तीच.