मदत हवी आहे: स्क्वॉशचं टिन 5 सेंटीमीटर खाली कसं आणायचं?

नमस्कार मंडळी, बेळगावातनं लिहितोय. भाचा पुरुषांच्या प्रोफेशनल टूर्नामेंटची तयारी करतोय, तिथं टिन (समोरच्या भिंतीच्या तळाचा पत्रा, त्याला बॉल लागला की पॉइंट गेला) 43 सेंटीमीटर उंचीचं असतंय आणि आमच्या इथल्या कोर्टात 48 चं, त्यामुळं ड्रॉप (टिनच्या जरा वर हळूच टाकायचा शॉट) मारताना त्याचा हात उगाच वरच राहतोय बघा, आणि त्या लेव्हलला पॉइंट तिथंच जातोय.

43 वर टेप लावून बघितली, पण वरच्या पट्टीत बॉल पत्र्यालाच लागतो, भिंतीसारखा परत येत नाही, सरावाचा उपयोगच नाही. कोर्ट कॉमन आहे, इतर मेंबरना 48 च पाहिजे, म्हणून पत्रा कापायला परवानगी नाही. रोज कोल्हापूर-पुण्याला जाणंही जमत नाही. बॉल डबल यलो डॉटच (प्रोफेशनल मॅचचा, कमी उसळणारा) आहे, ते विचारू नका.

काढता-घालता येणारं टिन कुणी बसवलंय काय, आणि बेळगाव-कोल्हापूरकडं ते कोण करून देतंय?