चुरता न येणाऱ्या वेदनाशामक गोळ्या: विदर्भातल्या रुग्णाला त्यांचा उपयोग किती?

औषधनिर्माण_मास्तर (अंबाझरी)

अफूवर्गीय वेदनाशामकांची नशा होऊ नये म्हणून गोळीच्या घडणीतच अडथळा ठेवण्याचे तंत्र आता जुने झाले असून भारताने ते बंधनकारक करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. बारा तास हळूहळू औषध सोडणारी गोळी चुरली, की तिच्यातला सगळा साठा एकदम रक्तात उतरतो आणि नशेकऱ्याला नेमके तेच हवे असते. अमेरिकेत ऑक्सिकॉन्टिनची (ऑक्सिकोडोन या अफूवर्गीय औषधाची बारा तास चालणारी) गोळी 2010 मध्ये बदलण्यात आली. तिच्यात पॉलिइथिलीन ऑक्साइड हे पॉलिमर वापरल्यामुळे ती ठोकली तरी सहजासहजी भुकटी होत नाही, आणि पाण्यात टाकली तर असा चिकट गोळा होतो की तो सुईत ओढणे कठीण जाते. दुसरी वाट गोळीतच अफूवर्गीय औषधाचे विरोधी औषध मिसळण्याची आहे: नालोक्सोन तोंडावाटे गेले तर यकृतातच बहुतांशी निष्प्रभ होते, मात्र तीच गोळी विरघळवून टोचली तर नालोक्सोन मूळ औषधाचा परिणाम रोखते. आपल्याकडे बनलेल्या टॅपेन्टाडॉल (अफूवर्गीय वेदनाशामक) आणि कॅरिसोप्रोडॉल (स्नायू सैल करणारे औषध) यांच्या मिश्रणाच्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी विकल्या जात असल्याचे उघड झाल्यावर फेब्रुवारी 2025 मध्ये केंद्र सरकारला त्यांचे उत्पादन व निर्यात थांबवावी लागली. कारखाने आपले आहेत, तर घडणीची अटही आपणच घालायला हवी.

सिस्टर_मानेवाडा

मास्तर, आपण मांडलेले रसायनशास्त्र मला मान्य आहे, पण खाटेवरचा रुग्ण त्यात कुठेच दिसत नाही. खर्ऱ्याने (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाने) आपल्या भागात तोंडाच्या कर्करोगाचे किती रुग्ण तयार केले, हे नागपूरकराला सांगावे लागत नाही. त्यांच्यापैकी अनेकांचा जबडा दोन बोटेही उघडत नाही आणि अन्न नाकातल्या नळीनेच जाते. अशा रुग्णाला मॉर्फिनची साधी 10 मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी द्यायची असते. घरची सून किंवा मुलगा ती दोन चमच्यांमध्ये दाबून बारीक करतो, पाण्यात कालवून सिरिंजने नळीत सोडतो आणि मागून थोडे साधे पाणी ढकलतो. पाण्यात चिकट होणारी गोळी त्या नळीत गेली, तर नळी तुंबेल आणि नवी घालण्यासाठी त्या माणसाला गडचिरोलीहून पुन्हा इथवर यावे लागेल. नशेकऱ्याला आणि या सुनेला गोळी कशी ओळखणार?

औषधनिर्माण_मास्तर (अंबाझरी)

सिस्टर, आपला आक्षेप साध्या गोळीपुरता खरा आहे. दीर्घकाळ चालणारी गोळी तशीही कोणी चुरू नये, कारण बारा तासांची मात्रा एकदम गेली तर श्वास मंदावून रुग्ण दगावू शकतो. म्हणजे त्या गोळीला अडथळा घातला, तर चुकून चुरणाऱ्या घरच्या माणसापासूनही रुग्णाचे रक्षणच होईल. नळीच्या रुग्णासाठी द्रवरूप मॉर्फिन हा रास्त पर्याय आहे आणि तो सहज मिळावा, ही मागणी आपण दोघे मिळून करू शकतो.

गांधीबाग_केमिस्ट

मी ठोक बाजारात बसतो, म्हणून व्यवहाराचे बोलतो. आपल्या गल्लीत जी नशा चालते ती महागड्या बारा तासांच्या गोळीची नसून साध्या, स्वस्त पट्टीची असते, आणि बहुतेक जण ती चुरत नाहीत, टोचत नाहीत, मूठभर गिळतात. गिळणाऱ्याला आपले पॉलिमर काय करणार? नालोक्सोनसुद्धा तोंडावाटे निष्प्रभ होते, असे आपणच लिहिले आहे. ट्रामाडॉल हे अफूवर्गीय वेदनाशामक एप्रिल 2018 मध्ये एनडीपीएस (अमली पदार्थविषयक) कायद्याखाली आले, तेव्हा कागदपत्रे वाढली आणि काउंटरवरची सैल विक्री आवळली गेली. पण गिऱ्हाईक टॅपेन्टाडॉल मागू लागले. माझ्या मते चिठ्ठीविना पट्टी देणाऱ्या दुकानाचा परवाना गेला, तर गोळीची घडण बदलायची वेळच येणार नाही. (आमच्या धंद्यातल्या काहींना हे वाचून राग येईल, तो येऊ द्यावा.)

रामदासपेठ_वाचक

केमिस्ट साहेबांच्या मुद्द्याला अमेरिकेचाच दाखला पुरवतो. ऑक्सिकॉन्टिन चुरता येईना, तेव्हा अनेक नशेकरी हेरॉइनकडे वळले, असे तिथल्या संशोधकांनी मांडले आहे. ओपाना ईआर या ऑक्सिमॉर्फोनच्या गोळीची कथा त्याहून वाईट आहे: नवी घडण नाकाने ओढायला अवघड ठरली, म्हणून लोक ती टोचू लागले. इंडियाना राज्यातल्या स्कॉट काउंटीत 2015 साली सामाईक सुयांमुळे 180 हून अधिक जणांना एचआयव्हीची लागण झाली, आणि 2017 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ती गोळी बाजारातून काढून घेण्यास कंपनीला सांगितले. ऑक्सिकोडोनमध्ये नायासिन (ब-3 जीवनसत्त्व) घालून जास्त गोळ्या घेणाऱ्याच्या अंगाची आग करण्याचाही घाट घातला गेला होता. 2010 साली सल्लागार समितीने त्याला नकार दिला, आणि माझ्या मते तो योग्यच होता, कारण ती आग प्रामाणिक रुग्णालाही सोसावी लागली असती.

औषधनिर्माण_मास्तर (अंबाझरी)

ओपानाचा दाखला एका फसलेल्या घडणीचा आहे, सगळ्या तंत्राचा नव्हे. गिळणाऱ्याला अडवता येत नाही, हे मान्य; परंतु टोचणे थांबले तर निदान सुईतून पसरणारे रोग थांबतात, आणि पंजाबपासून ईशान्येपर्यंत गोळ्या व कॅप्सूल विरघळवून टोचणाऱ्यांचा प्रश्न आपल्याला अपरिचित नाही. बारा तासांच्या गोळीपुरती सक्ती करण्यावर मी ठाम आहे.

सिस्टर_मानेवाडा

बारा तासांच्या गोळीपुरती सक्ती असेल तर माझा विरोध एवढाच उरतो, की किंमत वाढता कामा नये. एनडीपीएस कायद्यात 2014 साली दुरुस्ती झाली ती मुळात मॉर्फिन रुग्णापर्यंत पोहोचावे म्हणून. अनेक परवान्यांच्या जागी मान्यताप्राप्त संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी ठरली. तरीही आमच्याकडे येणाऱ्यांपैकी कित्येकांना त्यांच्या तालुक्यात ही गोळी कोणी दाखवलेलीसुद्धा नसते. आपण ज्या द्रवरूप मॉर्फिनचा पर्याय सुचवलात, ते आधी ब्रह्मपुरीच्या आणि अहेरीच्या रुग्णालयांत ठेवून दाखवा. नंतर सक्तीच्या पत्रावर माझीही सही घ्या.