नर्सिंगच्या जीएनएम डिप्लोमानंतर तीन वर्षं घरी होते, पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत काय सांगू?

कुडाळची_लेक
नमस्कार. मी २०२२ मध्ये जीएनएम झाले, नर्सिंग परिषदेची नोंदणीही लगेच केली. त्याच सुमारास बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. भाऊ मुंबईला, आईचं कंबरेचं दुखणं, म्हणून मी घरीच राहिले. आता बाबा काठी घेऊन चालतात आणि मला नोकरी हवी आहे. परवा एका खासगी रुग्णालयात मुलाखतीला गेले. कारण ऐकून समोरचे म्हणाले, "म्हणजे सगळं विसरला असाल," आणि फाईल मिटली. फार लागलं ते. अर्जात हे कसं लिहू? बाबांची शुश्रूषा अनुभवात दाखवू का? कणकवली, ओरोस, रत्नागिरी, कुठेही यायची तयारी आहे.

इन्चार्ज_सिस्टर_चिपळूण
अनुभवाच्या रकान्यात घरची शुश्रूषा घालू नकोस. तिथे इंटर्नशिप आणि कुठल्या कुठल्या वॉर्डात पोस्टिंग झाली ते लिही. खंडासाठी खाली वेगळी एक ओळ पुरे: '२०२२ ते २०२५, वडिलांच्या अर्धांगवायूमुळे घरी पूर्णवेळ शुश्रूषा.' कोणी अनुभवाचा दाखला 'करून देतो' म्हणालं तर त्याच्या वाऱ्यालाही उभी राहू नकोस. मेट्रन (मुख्य परिचारिका) फोन करून खात्री करून घेतात.

तोंडी सांगताना मात्र वॉर्डात ड्युटी बदलताना पेशंटचा हॅण्डओव्हर देतेस तसं सांग. रायल्स ट्यूबने (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीने) फीड दिलंस का? कॅथेटरची (लघवीच्या नळीची) काळजी घेतलीस का? दर दोन तासांनी कूस बदलत होतीस का, बेडसोर झाला का, बीपी-शुगर लिहून ठेवत होतीस का? जे केलंस तेवढंच, पण नेमकं. दोन मिनिटांत संपव आणि डोळ्यांत पाणी आलं तरी थांबू नकोस, आम्हीही माणसंच आहोत.

मी नवीन मुली निवडायला बसते. गॅपला आम्ही बिचकत नाही. हात बसलेला आहे का, आणि ही पुन्हा मध्येच सोडून जाईल का, एवढंच बघतो. यातल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर न विचारताच दे: बाबांकडे आता कोण बघतं, नाईट करशील का, हॉस्टेल लागेल का. गणपतीत निम्मा स्टाफ रजा मागतो, त्याबद्दलही विचारतील, घरी बोलून ठेव.

हाताचं म्हणशील तर तिथल्या तिथे गणित घालतात. ५०० मिली सलाईन ८ तासांत द्यायचं, सेट मिलीला २० थेंबांचा, तर मिनिटाला किती? ५०० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं, म्हणजे साधारण २१ थेंब. मायक्रो सेट ६० थेंबांचा असतो, तिथे हमखास गोंधळ होतो. कचऱ्याच्या पिशव्या पाठ हव्यात: रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्यात, आयव्ही सेट आणि कॅथेटर लालमध्ये, सुया पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. बीएलएसचा (हृदय बंद पडल्यावरच्या प्राथमिक जीवरक्षणाचा) कोर्स करून घे. हेपॅटायटिस बीचे तीन डोस झाले नसतील तर आजच सुरू कर, तिसरा सहाव्या महिन्यात असतो.

देवगडवाला
माझ्या बायकोचा अनुभव वेगळा आहे. तिने घरच्या आजारपणाचं सांगितलं की लोक बिचकायचे. 'घरगुती कारण' एवढंच लिहिलेलं बरं.

इन्चार्ज_सिस्टर_चिपळूण
दादा, नुसतं 'घरगुती कारण' वाचलं की समोरचा मनाने कारण लावतो, आणि मुलींच्या बाबतीत ते लग्नावर जाऊन थांबतं. हिच्याकडे सांगण्यासारखं खरं कारण आहे. ते लपवून तिने स्वतःवर अन्याय का करावा?

मालवणी_सिस्टर
घाबरू नको गो बाय! सरकारी जागांसाठीही अर्ज करत राहा. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी स्टाफ नर्सच्या जाहिराती जिल्ह्याच्या आणि जिल्हा परिषदेच्या संकेतस्थळावर येतात. तिथे वय, गुण आणि नोंदणी आधी बघतात, गॅपचा बाऊ कमी. अनुभवाला वेगळे गुण असतील तर जाहिरातीत लिहिलेलं असतं, नीट वाच. नोंदणीचं नूतनीकरण पाच वर्षांनी असतं, म्हणजे तुझं २०२७ला. आतापासून सीएनईच्या (नर्सच्या निरंतर शिक्षणाच्या) कार्यशाळांची प्रमाणपत्रं जमव. गॅपनंतर अभ्यास चालू असल्याचा तोच कागदी पुरावा. खासगीत डेरवणच्या वालावलकर रुग्णालयातही विचारून बघ.

कुडाळची_लेक
ताई, खूप आभार. फीड, कॅथेटर, कूस बदलणं, सगळं मीच करत होते आणि शुगरची वहीही ठेवली आहे. ती वही मुलाखतीला न्यावी का?

इन्चार्ज_सिस्टर_चिपळूण
ने, पण पिशवीत ठेव. विचारलं तरच काढ. आणि रत्नागिरीला येणार असशील तर आदल्या दिवशीच ये, पावसात घाटाचा भरवसा नसतो.