इंजिन बदललं आणि क्लच सुटेना: दोष सेटचा की मापांचा?

एमएच१५ जीपवाला
जुन्या जीपमध्ये दुसरं इंजिन बसवलं आणि क्लच पूर्ण दाबूनही रिव्हर्स करकरायला लागला, की नाशकात पहिला सल्ला ठरलेला असतो: "क्लच सेट लोकल असेल, चांगल्या कंपनीचा टाका." नवा सेट येतो, गिअरबॉक्स परत खाली येतो, करकर जिथल्या तिथे. मजुरी दोनदा.

माझं मत स्पष्ट आहे. स्वॅपनंतरचा क्लचचा त्रास बहुतेक वेळा सेटमध्ये नसतो, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या अंतरात असतो. प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला दाबून धरणारी) फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनच्या मागच्या जड चाकावर बसते, म्हणून ती इंजिनची. क्लच प्लेटची स्प्लाइन (मधले दाते) गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सरकते, म्हणजे तो भाग गिअरबॉक्सचा. पेडल दाबलं की पुढे सरकून क्लच सोडवतं ते रिलीज बेअरिंग, त्याला दोघांशी जुळवून घ्यावं लागतं, आणि नेमकं तेच कोणी मोजत नाही.

मोजायला व्हर्निअर आणि एक सरळ पट्टी पुरते. इंजिनच्या मागच्या फेसपासून डायफ्रामच्या बोटांपर्यंत (प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची टोकं, ज्यांवर बेअरिंग दाबतं) एक माप. बेल हाऊसिंगच्या (गिअरबॉक्सच्या पुढचं, क्लच झाकणारं कवच) फेसपासून पूर्ण मागे सरकवलेल्या रिलीज बेअरिंगपर्यंत दुसरं. मध्ये पत्रा किंवा अ‍ॅडॉप्टर प्लेट (न जुळणारं इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी) येणार असेल तर तिची जाडी दुसऱ्या मापात मिळवा. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की उरते ती मोकळी जागा. ती फार झाली तर पेडल तळाला टेकलं तरी क्लच सुटत नाही. उणे आली तर बेअरिंग कायम दाबून राहतं, क्लच स्लिप होतो आणि बेअरिंग जळतं. हे गिअरबॉक्स चढवायच्या आधी कळतं, मग चढवून कशाला शोधायचं?

द्वारका गॅरेज
जीपवाले भाऊ, कागदावर सगळं बरोबर आहे. पण गिऱ्हाईक सकाळी गाडी लावतं आणि संध्याकाळी विचारतं "झाली का?" तिथे मापं घेत कोण बसतो? आमची पद्धत सरळ. ज्या गाडीचं इंजिन, तिचाच फ्लायव्हील, तिचंच बेल हाऊसिंग, तिचाच गिअरबॉक्स. कुर्ल्याहून आणा नाहीतर इथल्या भंगारातून, पण अख्खं युनिट उतरवून आणा. कारखान्यात जे जुळवलंय ते आपण कशाला तोडायचं? निम्मं इकडचं निम्मं तिकडचं केलं की भांडण आलंच.

एमएच१५ जीपवाला
टू व्हील ड्राइव्ह गाडीला पटतं. फोर बाय फोर जीपला अख्खं युनिट टाका आणि मग मोजा काय काय बदलावं लागतं ते. ट्रान्सफर केस (पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटणारी) नव्या गिअरबॉक्सच्या मागे बसते का? बसली तरी गिअरबॉक्स लांब निघाला तर मागचा प्रोपेलर शाफ्ट कापा, पुढचा लांब करा आणि दोन्ही परत बॅलन्स करा. क्रॉस मेंबर सरकवा. गिअरचा दांडा सीटखाली आला तर तेही निस्तरा. क्लचचं एक भांडण टाळायला तुम्ही चार नवी लावून घेताय, दादा. आणि त्याची मजुरी गिऱ्हाईक संध्याकाळपर्यंत देणार आहे का?

अंबडचा टर्नर
दोघांचंही अर्धंच ऐकण्यासारखं आहे. माझ्याकडे लेथवर अ‍ॅडॉप्टर प्लेटची कामं येतात. लोक बोल्टच्या भोकांचा कागदी ठसा आणतात आणि म्हणतात "मास्तर, एवढं पाडून द्या." भोकं जुळून उपयोग काय? बोल्ट भोकात सैल असतो, तो फक्त आवळून धरतो. गिअरबॉक्स क्रँकच्या नेमका मध्ये आणतात ते डॉवेल, म्हणजे घट्ट बसणाऱ्या पिना. डॉवेलशिवायची प्लेट मी करून देत नाही, त्यावरून लोक रुसून गेलेत.

जीपवाल्यांनी सेंटरचं नावही काढलं नाही, म्हणून सांगतो. फ्लायव्हीलला डायल गेज लावा, टोक बेल हाऊसिंगच्या मधल्या बोअरवर टेकवा, क्रँक हाताने एक फेरा फिरवा. काटा एकूण ०.१३ मिमीच्या आत हलला पाहिजे. जास्त हलला तर तुमची सगळी अंतरं बरोबर असूनही पायलट बेअरिंग (क्रँकच्या टोकात गिअरबॉक्सचा शाफ्ट धरणारं) खाल्लं जाईल, क्लच प्लेटचा हब फाटेल आणि शिव्या प्लेट बनवणाऱ्याला बसतील.

फ्लायव्हीलचंही तसंच. ज्याला पायरी आहे (प्लेट घासते ती जागा प्रेशर प्लेटच्या बैठकीपेक्षा खोल) तो घासायला येतो, गिऱ्हाईक म्हणतं "फक्त प्लेट घासते तेवढंच साफ करा." तेवढंच कापलं तर पायरी खोल होते, प्रेशर प्लेटचा दाब कमी पडतो, आणि कसारा घाटात भरल्या गाडीचा क्लच स्लिप होतो. जेवढं आतून कापलं तेवढंच प्रेशर प्लेटच्या बैठकीवरूनही कापावं लागतं.

दिंडोरीकर
मी द्राक्षबागेत जीप वापरतो, जुन्याच इंजिनावर. तुम्ही मिलिमीटरवर भांडताय, पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कोणी काढलं नाही. आरसी बुकातल्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल परस्पर करता येत नाही. इंजिन नंबर वेगळा निघाला तर पेठ रोडला आरटीओत काय सांगणार, "क्लच मात्र छान सुटतो" म्हणून? आधी परवानगी, मग पाना.

एमएच१५ जीपवाला
दिंडोरीकर, मुद्दा खरा आहे आणि त्यावर वाद नाही. पण कागद झाले म्हणून रिव्हर्स करकरायचा थांबत नाही.

द्वारका गॅरेज
टर्नर मास्तरांचं डायल गेजचं मान्य, अ‍ॅडॉप्टर असेल तिथे. तरी तुम्ही सगळे गिअरबॉक्स उतरवायच्याच गप्पा करताय. आमच्याकडे गाडी आली की आधी पेडल भराभर पंप करून गिअर टाकून बघतो. पंप केल्यावर पडला तर क्लचच्या तेलाच्या लाइनमध्ये हवा आहे नाहीतर सिलेंडर गळतोय. काही फरक नाही पडला तरच आत बघायचं. मग बेल हाऊसिंगची खालची खिडकी उघडायची, एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने प्लेट आणि फ्लायव्हीलमध्ये फिलर (फट मोजायची पात) घालून बघायचा. फट आहे, प्लेट मोकळी आहे, आणि तरीही गिअर करकरतो? मग पायलट बेअरिंग शाफ्टला धरून फिरवतंय. फट एका बाजूलाच आहे? प्लेट वाकलीय. गिअरबॉक्स अधांतरी लोंबकळत ठेवून बोल्टांनी ओढून घेतला की हेच होतं. आणि प्लेट उलटी बसवणारेही भेटतात, तिचा हब फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासत बसतो.

एमएच१५ जीपवाला
पंप करायची टेस्ट एकदम योग्य. त्यात एकच जोडतो: हवा नसूनही स्ट्रोक कमी पडू शकतो. १९ मिमी बोअरच्या मास्टरने (पेडलकडचा सिलेंडर) २२ मिमीचा स्लेव्ह (क्लचकडचा सिलेंडर) ढकलला तर मास्टर २५ मिमी चालल्यावर स्लेव्ह जेमतेम साडेअठरा चालतो. मास्टर जीपचा आणि स्लेव्ह नव्या इंजिनाबरोबर आलेला असेल, तर कितीही ब्लीड करा (हवा काढा), उपयोग नाही. दोन्हींवरचे आकडे वाचा, पुसलेले असतील तर बोअर मोजा.

द्वारका गॅरेज
म्हणजे शेवटी परत व्हर्निअरच काढायला लावलात. ठीक आहे. पण टू व्हील ड्राइव्ह आली तर मी अख्खं युनिटच चढवणार, आणि अ‍ॅडॉप्टरवाली आली तर प्लेट आधी अंबडला मास्तरांकडे, गाडी नंतर माझ्याकडे.

अंबडचा टर्नर
पाठवा. कागदी ठसा नको, बेल हाऊसिंग आणि इंजिनचा मागचा पत्रा दोन्ही पाठवा. सोमवारी लाइट नसते.