ल्युपसच्या २१२ रुग्णांची एक्सेल फाइल: द्यायची कशी?

वऱ्हाडची_वाणी

नमस्कार मंडळी. विदर्भातल्या एका रुग्णालयात ल्युपसच्या (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते, तो आजार) संशोधन प्रकल्पावर मी तीन वर्षं काम करतेय. डॉक्टर नाही, एमएस्सी करून लागले. २०१७ पासूनचे २१२ रुग्ण आहेत, त्यात बहुतेक बायका. दर फॉलो-अपला रक्ताच्या चाचण्या (एएनए आणि डीएस-डीएनए या अँटिबॉडी, सी३ आणि सी४ ही प्रथिनं), लघवीतलं प्रोटीन आणि स्लेडाय स्कोअर, म्हणजे आजार किती जोरात आहे त्याचे गुण. सगळं एकाच एक्सेलमध्ये, फाइलचं नाव 'फायनल_नवीन_सरांची_२'. माझ्याआधी तिघांनी एंट्री केली, तिघंही सोडून गेले.

आता पेपर पाठवलाय आणि जर्नल विचारतंय, डेटा कुठे ठेवणार? सर म्हणाले, "नावं काढ आणि टाक झेनोडोवर, त्यात काय एवढं!" (झेनोडो म्हणजे संशोधनाचा डेटा इतरांसाठी ठेवायची वेबसाइट.) नावं काढायला दोन मिनिटं लागतील हो. पण आमच्या संमतीपत्रात सरळ लिहिलंय की 'आपली माहिती फक्त या अभ्यासासाठी वापरली जाईल'. कित्येक जणींना वाचता येत नाही, त्यांना ते मीच वाचून दाखवलंय. माझ्या तोंडचे शब्द आहेत ते. काय करू?

आकडेमोड्या

ताई, आत्ता काही टाकू नका. पुण्यात १४ वर्षं क्लिनिकल ट्रायलचा डेटा सांभाळलाय, त्यातलं सांगतो.

समजा एका ओळीत आहे: वय १९, मुलगी, अमुक तालुका, ल्युपस, या तारखेला मूत्रपिंडाची बायप्सी. नाव नसलं तरी त्या तालुक्याच्या एसटी स्टँडवरचा चहावाला सांगेल कुणाची पोर ती. म्हणून तालुका काढून विभाग ठेवा, वयाचे पाच-पाच वर्षांचे गट करा. एखाद्या गटात पाचाहून कमी माणसं उरली तर तो शेजारच्या गटात मिसळा. तारखांसाठी प्रत्येक रुग्णाला एक गुप्त आकडा द्या आणि तिच्या सगळ्या तारखा तेवढ्या दिवसांनी सरकवा, म्हणजे दोन भेटींमधलं अंतर शाबूत राहतं. पण एक अडचण आहे. उन्हाने ल्युपस भडकतो. नागपूरच्या मे महिन्यात किती जणींना त्रास झाला हे उद्या कुणाला बघायचं असेल, तर सरकवलेल्या तारखांवरून ते कळणार नाही. मग ऋतूचा वेगळा कॉलम ठेवता येईल का ते सरांशी बोला. आणि कोणता नंबर कोणाचा ही यादी त्या फाइलच्या आसपाससुद्धा नको.

आता एएनएचा कॉलम उघडून बघा. १:४० (रक्त किती पातळ करून तपासलं ते प्रमाण) टाईप केलं की एक्सेलला ती पहाटेची एक वाजून चाळीस मिनिटं वाटतात! तीच फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेली की ०.०६९४ दिसतं. (हसू नका. SEPT2 सारख्या जनुकांच्या नावांची एक्सेल तारीख करून टाकायचं, म्हणून २०२० मध्ये ती नावंच बदलावी लागली.) सी३ कुठे मिलीग्रॅम प्रति डेसिलिटर आणि कुठे ग्रॅम प्रति लिटर असं मिसळलंय का तेही तपासा, शंभर पटीचा फरक आहे. डीएस-डीएनएसाठी चाचणीच्या किटचं नाव हवंच. एका किटचे आकडे दुसऱ्याच्या शेजारी ठेवून उपयोग नसतो. स्लेडायचीही नुसती बेरीज देऊ नका, २४ बाबी सुट्या द्या. ८ म्हणजे एक फिट आली असेल, नाहीतर सांधे सुजून लघवीतून प्रोटीन गेलं असेल. बेरीज तीच, बाई वेगळी.

नमुना हवा असेल तर अमेरिकेच्या 'इम्पोर्ट' (ImmPort) या डेटाच्या पोर्टलवर ल्युपसने बिघडलेल्या मूत्रपिंडाचा एसडीवाय ९९७ (SDY997) हा संच पाहा. नोंदणी फुकट आहे.

निवृत्त_मास्तर

मी एका एथिक्स कमिटीत (संशोधनात रुग्णांचं हित जपलं जातंय का ते बघणारी समिती) सामान्य नागरिक म्हणून बसतो, डॉक्टर नव्हे. ताई, तुम्हाला खटकलं ते बरोबरच आहे. सरांनी तुमच्या रुग्णालयाच्या कमिटीकडे संमतीपत्रात रीतसर दुरुस्ती मागावी. तुमचे रुग्ण फॉलो-अपला येतातच, तेव्हा नवीन संमती घ्या आणि हे प्रश्न वेगवेगळे विचारा: इतर संशोधकांना द्यावं का? परदेशी द्यावं का? जे वारले किंवा यायचे थांबले, त्यांच्यासाठी संमती माफ करण्याची विनंती करता येते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तशी सोय आहे, पण ठरवणार कमिटी, सर नव्हेत. परदेशी सहकारी असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग समितीच्या परवानगीचंही बघा.

तोवर झेनोडोवर कॉलमांची माहिती खुली आणि फाइल बंद, मागणाऱ्याने अर्ज करावा, असं ठेवता येतं. जर्नलला तसंच कळवा.

लाल_फुलपाखरू

मी रुग्ण आहे. ११ वर्षं ल्युपस, गाव सांगलीकडे. एका अभ्यासात माझंही रक्त गेलंय, किती नळ्या ते मोजायचं सोडून दिलं. पुढे काय झालं ते कुणी सांगितलं नाही. विचारलं असतं तर 'द्या सगळ्यांना' म्हटलं असतं मी, कारण आमचं दुखणं दहा डॉक्टर फिरल्यावर सापडतं. फक्त सासरी 'संधिवात आहे' एवढंच माहीत आहे. घरी पत्र पाठवू नका म्हणजे झालं.

वऱ्हाडची_वाणी

सगळ्यांचे आभार. आकडेमोड्या दादा, कॉलम उघडला. ३७ ठिकाणी पहाटेचे १:४० वाजलेत! मूळ केस पेपर तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये आहेत आणि किल्ली ज्या शिपाईकाकांकडे आहे ते सोमवारी येणार. सर आधी चिडले, "सहा महिने जातील" म्हणाले. मग सी३चा कॉलम दाखवला, त्यात ९८ च्या खाली ०.९८ होतं. ते बघून गप्प बसले आणि कमिटीच्या अर्जावर सही केली.

मास्तर, नवीन फॉर्मचा मसुदा तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, वाचून बघाल का? फुलपाखरूताई, त्यात तुमच्यामुळे एक ओळ वाढवलीय: 'अभ्यासात काय आढळलं ते कसं कळवू? ओपीडीत / फोनवर / कळवू नका.' पत्राचा पर्याय ठेवलेलाच नाही.